वखारीतलं पत्र आणि 'आन्सर'मधला डब्ल्यू

निपाणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आलाय. तंबाखूच्या वखारीत ते मालाचं रजिस्टर सांभाळतात. गेल्या महिन्यात मालकांच्या ऑफिसातून इंग्रजी पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं : 'यू विल बी आन्सरेबल टू द मॅनेजर फॉर एनी शॉर्टेज.' त्याच आठवड्यात आठवीतल्या मुलीनं दोन वाक्यं पुढे केली : 'नोबडी आन्सर्ड द डोअर' आणि 'द डॉग आन्सर्स टू द नेम ऑफ मोती'. गृहस्थ म्हणतात, "आन्सर म्हणजे उत्तर, हे शाळेत घोकून पाठ केलं. पण दार काय प्रश्न विचारतं? कुत्रा काय उत्तर देतो? माल कमी भरला तर मी काय उत्तरपत्रिका लिहून द्यायची? आणि तो मधला डब्ल्यू बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?"

प्रश्न चार आहेत. मी शेवटच्यापासून सुरू करतो, कारण किल्ली तिथेच आहे.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी २८ वर्षं इंग्रजी शिकवलं. दर जूनला नव्या वर्गात कोणीतरी उभं राहून खणखणीत आवाजात 'आन्स्वर' असं वाचणारच. मागच्या बाकावर खसखस पिकायची. मी त्या पोराला बसवायचो आणि सांगायचो, हा हजार वर्षं उशिरा जन्मला, एवढीच याची चूक. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'अंदस्वारु' असा काहीसा होता आणि त्यातला डब्ल्यू चांगला तोंड भरून बोलला जायचा. पुढे बोलण्यातून तो झिजला, तसाच तलवारीच्या 'सोर्ड'मधूनही झिजला. लिहिणाऱ्यांनी मात्र तो टाकला नाही.

'अंदस्वारु'चे दोन तुकडे पडतात. 'अंद' म्हणजे समोर, विरुद्ध. दुसरा तुकडा 'स्वेअर' या क्रियापदाच्या घरातला : शपथ घेणे. म्हणजे डब्ल्यू आहे तो शपथेचा. (हे ऐकून काही जण लगेच आपल्या 'स्वर'शी सोयरीक जुळवतात. कानाला सारखं लागलं म्हणून नातं लावू नये. 'अंद'ची गोष्ट वेगळी. त्याचं नातं ग्रीक 'अँटी'शी आणि संस्कृत 'अन्ति'शी आहे, हे भाषा-अभ्यासकांनी पक्कं केलेलं आहे. 'अन्ति' म्हणजे समोर, जवळ. आपला 'अन्तिक' त्यातलाच.)

दोन्ही तुकडे जोडले की मूळ अर्थ हाती येतो : कोणी आरोप केला, तर त्याच्या समोर उभं राहून शपथेवर तो खोडून काढणे. नुसती माहिती देणं नव्हे. 'तुझं नाव काय' याला दिलेलं उत्तर ही फार पुढची, पातळ झालेली पायरी आहे.

त्या काळच्या इंग्लंडातल्या न्यायपद्धतीत हे रोजचं होतं. एखाद्यावर चोरीचा आळ आला, तर तो शपथ घ्यायचा आणि सोबत ठरावीक माणसं आणायचा, पुष्कळदा १२. ही माणसं 'मी पाहिलं' असं सांगत नसत. 'याच्या शपथेवर आमचा विश्वास आहे' एवढीच शपथ घेत. गावात पत असेल तर माणसं मिळायची, नसेल तर आळ चिकटायचा. या पद्धतीचा शेवटचा अवशेष इंग्लंडच्या कायद्यातून १८३३ मध्ये निघाला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बांधाचा दगड कोणी सरकवला यावरून भावाभावांत जुंपली, की जुनी माणसं म्हणायची, "उचल बेल-भंडारा आणि सांग." भंडारा हातात घेऊन, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून जे बोलायचं, तो अगदी अस्सल 'अंदस्वारु'.

शपथेवरून एक आठवलं. इंग्रजीत 'स्वेअर'चे दोन अर्थ आहेत, शपथ घेणे आणि शिव्या देणे. मुलांना हे फार विचित्र वाटायचं. मग मी फळ्यावर दोन शब्द लिहायचो : शाप आणि शपथ. दोन्ही एकाच 'शप्' धातूचे. खोटं बोललो तर माझं वाटोळं होवो, असं स्वतःलाच शापून घेणं म्हणजे शपथ. इंग्रजांची जीभ जिथे घसरली, तिथेच आपल्या पूर्वजांचीही घसरली होती.

आता 'अंद'कडे परत. हा तुकडा समजून घ्यायला बेळगावकडच्या माणसाला शब्दकोश लागत नाही, शेजारी पुरतो. कन्नडमध्ये 'एदुरु' म्हणजे समोर. पोरगं उलटून बोलायला लागलं, की कन्नड घरातली आई म्हणते, "एदुरु माताडबेड." समोर बोलू नको. आणि आमच्या गल्लीतली आई म्हणते, "उलट बोलूलास मला?" इंग्रजी आई म्हणते, "डोन्ट आन्सर बॅक." तीन घरं, एकच चूल. बघा, 'आन्सर बॅक'मध्ये माहितीचा पत्ता नाही. पोरानं सांगितलेलं खरं असेलही. राग आहे तो त्याच्या समोर उभं राहण्याचा.

मग आपल्या 'उत्तर'चं काय? तो शब्द वेगळ्याच वाटेनं आलाय. 'उत्' म्हणजे वर आणि 'तर' म्हणजे अधिक, जसं लघुतर, गुरुतर. अधिक वरचं ते उत्तर. म्हणून हिमालयाकडची ती उत्तर दिशा. वरचं ते पुढचं, नंतरचं, म्हणून उत्तरार्ध, उत्तररात्र, उत्तरक्रिया. वादातही आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. म्हणजे आपल्या 'उत्तर'मध्ये क्रम आहे : आधी तुम्ही बोललात, नंतर मी. भिडणं त्यात नाही. जुन्या मराठीत तर उत्तर म्हणजे नुसते बोलसुद्धा. तुकोबा 'बोलतो उत्तरे' म्हणतात तेव्हा त्यांना कोणी प्रश्न विचारलेला नसतो.

म्हणून शाळेतलं 'आन्सर म्हणजे उत्तर' हे समीकरण शाळेपुरतंच खरं. 'आन्सर द फॉलोइंग क्वेश्चन्स' याला ते चपखल बसतं. शाळेचं गेट ओलांडलं, की ते गळायला लागतं.

माझ्याकडून गळलं ते सांगतो. निवृत्तीनंतर मी बेळगावात दस्तऐवजांच्या भाषांतराची कामं घ्यायला लागलो. अगदी सुरुवातीला एका पतसंस्थेचा इंग्रजी मसुदा आला. 'द डायरेक्टर्स शॅल बी आन्सरेबल टू द मेंबर्स.' मी निर्धास्तपणे लिहिलं, 'संचालक सभासदांना उत्तरे देतील.' ते अहवालात छापून गेलं. वार्षिक सभेला सभासद वह्यांमध्ये प्रश्न लिहूनच आले. कोणाचा लाभांशाचा, कोणाचा जावयाच्या कर्जाचा, एकाचा तर गल्लीतल्या गटारीचा. चेअरमननी रात्री फोन करून मला विचारलं, "सर, हे तुम्ही लिवलासा काय?" त्या एका वाक्यात मला 'आन्सरेबल'चा अर्थ कळला. ते मला जाब विचारत होते.

आणि जाब हाच शब्द तिथे पाहिजे होता.

'जवाब' हा मूळ अरबी शब्द. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला आणि मराठीनं त्याचे तीन वेगळे दागिने घडवले. 'जवाब' ठेवला फडावर, कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबासाठी. 'जबाब' गेला पोलीस ठाण्यात. तिथे जबाब नोंदवतात. आणि 'जाब' उरला मोठ्यांच्या तोंडी : जाब विचारणे, जाब देणे. मूळ एक आणि कामं तीन. यातले शेवटचे दोन 'अंदस्वारु'च्या किती जवळ आहेत पाहा. जबाब पोलिसासमोर बसून द्यायचा असतो, आणि जाब कोणी पाठ फिरवून देत नाही. (जबानी मात्र या कुळातली नाही, तिचं मूळ 'ज़बान' म्हणजे जीभ. जबाब-जबानी अशी जोडी बोलण्यात येते म्हणून त्यांना बहिणी समजायचं नाही.)

याच जबाबाला फारसी 'दार' लागला आणि 'जबाबदार' झाला. जसा दुकान बाळगणारा दुकानदार, तसा जबाब बाळगणारा जबाबदार. कन्नडमध्येही जबाबदारीला तोच शब्द, 'जवाब्दारि'. आता इंग्रजीकडे पाहा : आन्सरवरून आन्सरेबल, रिस्पॉन्डवरून रिस्पॉन्सिबल. जर्मनमध्ये उत्तराला 'आन्टवोर्ट' म्हणतात, त्यातला 'आन्ट' आपला 'अंद'च आणि 'वोर्ट' म्हणजे शब्द. त्यावरून जबाबदारीला शब्द झाला 'फेरआन्टवोर्टुंग'. ज्याला उत्तर द्यावं लागतं तो जबाबदार, हा हिशेब प्रत्येक भाषेनं आपापल्या परीनं मांडलाय. मला २८ वर्षांत इंग्रजीतली एवढी सरळ आणि मराठी मुलांना एवढ्या लवकर पटणारी गोष्ट दुसरी सापडली नाही.

कोर्टात तर हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. अमेरिकेत प्रतिवादी जे लेखी म्हणणं देतो, त्या कागदाचं नावच 'आन्सर'. आपल्याकडे त्याला 'रिटन स्टेटमेंट' म्हणतात, मराठीत कैफियत. (अरबीत 'कैफ' म्हणजे कसं. काय कसं घडलं ते सांगणं ही कैफियत.) १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ८ आहे. तिच्याप्रमाणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, आणि कोर्टानं कारण पाहून मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. तिच्या शेवटी सत्यापन लागतं, म्हणजे लिहिलंय ते खरं आहे असं सहीनिशी सांगणं, आणि सोबत शपथपत्रही. म्हणजे समोरच्याचा दावा आणि शपथेवर दिलेलं उत्तर. हजार वर्षांपूर्वीचे दोन्ही तुकडे बेळगावच्या कोर्टात आजही टायपिंग होऊन टाचले जातात. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे आमच्याकडे कायद्याचं पुस्तक न उघडलेला माणूसही 'रिप्लाय', 'रिजॉइंडर' हे शब्द पेपरात वाचून ओळखतो.

आता त्या मुलीची वाक्यं. 'आन्सर द डोअर' : दारावर थाप पडली, कोणीतरी आत आहे का असं विचारतंय. त्याच्या समोर जायचं. आपण नुसतं 'दार उघडणे' म्हणतो, आणि तेच लिहावं. फोनचंही तसंच, आपण फोन उचलतो किंवा घेतो. 'दाराला उत्तर दिले' असं भाषांतर मी एका गाईडमध्ये वाचलंय. गाईड कोणाचं ते सांगत नाही, पण मुलीला गाईड वापरू देऊ नका.

मोतीसाठी मराठीत फार सुंदर शब्द आहे. मोती नावाला ओ देतो. इंग्रजीला इथे आन्सरच्या मागे 'टू' जोडावा लागतो, आपल्याला एक अक्षर पुरतं. हाकेला ओ देणं हे उत्तर नाहीच, 'मी इथे आहे' एवढंच त्यात आहे.

पुढे हा शब्द कुठे भेटेल तेही सांगून ठेवतो. 'हर प्रेयर्स वेअर आन्सर्ड' याला देव पावला म्हणावं, नवस फळला म्हणावं. 'प्रार्थनेला उत्तर मिळाले' हे चर्चच्या पत्रकातलं मराठी. 'इट विल आन्सर द पर्पज' म्हणजे काम भागेल. 'ही आन्सर्स द डिस्क्रिप्शन' म्हणजे पोलिसांनी दिलेल्या वर्णनाशी तो जुळतो. वर्णन एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला, दोघे समोरासमोर. 'अंद' इथेही आपलं काम करतोय.

व्याकरणातली एक चूक मात्र आमच्या भागात इतरांपेक्षा जास्त होते, तिच्यावर थोडं थांबतो. 'प्लीज आन्सर टू माय क्वेश्चन.' मुलाखतीत, अर्जात, अगदी शिक्षकांच्या तोंडीसुद्धा. क्रियापद म्हणून वापरताना 'टू' नको : 'आन्सर माय क्वेश्चन'. नाम असेल तर पाहिजे : 'द आन्सर टू माय क्वेश्चन'. 'रिप्लाय' आणि 'रिस्पॉन्ड' या क्रियापदांना मात्र 'टू' लागतो. ही चूक होते कारण आपण मनात म्हणतो, 'प्रश्नाला उत्तर दे'. तो 'ला' इंग्रजीत 'टू' होऊन उतरतो. आणि बाजूला कन्नड, 'प्रश्नेगे उत्तर कोडु'. तिथेही 'गे' आहेच. म्हणजे पुण्याच्या मुलाला एकच भाषा त्या खड्ड्याकडे ओढते, आमच्या मुलाला दोन्हीकडून ओढ. आणि तो 'टू' निरुपद्रवी नाही. 'आन्सर टू' म्हटलं की अर्थ बदलतो. 'आय आन्सर टू द मॅनेजर' म्हणजे मी मॅनेजरच्या हाताखाली आहे, जाब त्यांना देतो. माझा एक विद्यार्थी मुलाखतीत म्हणाला, 'सर, आय विल आन्सर टू यू.' त्याला म्हणायचं होतं, उत्तर देतो. साहेब खूश झाले, त्यांना वाटलं हा आत्ताच हाताखाली काम करायला तयार आहे.

बाकीची भावंडं थोडक्यात. 'रिस्पॉन्ड' लॅटिनचा. त्यातला 'स्पॉन्देरे' म्हणजे वचन देणे. रोमन लोकांचा तोंडी करार असा व्हायचा : एक जण विचारायचा 'स्पॉन्देस्ने?', वचन देतोस का? दुसरा म्हणायचा 'स्पॉन्देओ', देतो. झाला करार. त्यावरून स्पॉन्सर, आणि त्यावरूनच 'स्पाउस', म्हणजे जिच्याशी किंवा ज्याच्याशी वचन झालं ते. आपला वाङ्‌निश्चय हा अर्थानं तोच. गणपती मंडळाच्या फलकावर ज्यांचं नाव स्पॉन्सर म्हणून झळकतं, त्यांनी हे वाचावं आणि कबूल केलेली रक्कम वेळेत द्यावी. 'करस्पॉन्ड'ही यातलाच : पत्रव्यवहार करणे आणि जुळणे, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत, आन्सरसारखेच.

'रिप्लाय'मध्ये घडी आहे. लॅटिन 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे, 'रे' म्हणजे परत. प्लायवुडमधला प्लाय हाच, थरावर थर. शहापूर-वडगावच्या विणकर गल्लीतली मुलं वर्गात असली, की मी त्यांना साडीच्या प्लीट्स दाखवायला सांगायचो. तो शब्दही याच घडीतला. मग त्यांना रिप्लाय कधी विसरला नाही.

'रिटॉर्ट' म्हणजे परत पिळणे. टोला उलटवणे. उद्यमबागच्या कारखान्यात टॉर्क रेंच वापरणाऱ्याला हा शब्द हातानंच कळतो, कारण टॉर्क म्हणजे तीच पिळवट. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या वाकड्या मानेच्या काचपात्राला रिटॉर्ट म्हणतात, तेही मान पिळल्यासारखी दिसते म्हणून.

'रिव्हर्ट' उत्तर या अर्थानं वापरू नका. 'प्लीज रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट' हे भारतातल्या ऑफिसांत इतकं रुळलंय की काही दिवसांनी कोशातही पूर्ण मान्यता मिळवेल. पण बाहेरच्या इंग्रजी वाचकाला 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणे. त्याला वाटेल, तुम्ही त्याला पुन्हा माकड व्हायला सांगताय.

आता तुमच्या पत्राकडे. त्या वाक्यात 'टू' आणि 'फॉर' दोन्ही आहेत आणि दोघांची कामं वेगळी. 'टू'च्या पुढे कोण विचारणार ते, 'फॉर'च्या पुढे कशाबद्दल ते. मराठीत : 'माल कमी भरल्यास त्याचा जाब तुम्हाला मॅनेजरांना द्यावा लागेल.' एवढ्या वाक्यात तूट तुमच्या पगारातून कापू असं उघड म्हटलेलं नाही. पण कायद्याच्या भाषेत 'आन्सरेबल'ला भरपाईचाही वास येतो आणि तो पुष्कळदा 'लायेबल'चा, म्हणजे भरपाईला बांधील या शब्दाचा, हात धरून फिरतो. म्हणून पत्राच्या पुढच्या ओळींत 'लायेबल' किंवा 'मेक गुड' असं काही आहे का, ते नीट वाचा. 'मेक गुड' म्हणजे भरून देणे. असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आणि तंबाखू सुकत गेला की वजन घटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. माल आला त्या दिवशीचं वजन, ओल किती दिसली आणि पुढच्या वजनाची तारीख रजिस्टरमध्ये लिहीत चला. मॅनेजर समोर उभे राहतील तेव्हा ते पान उघडून दाखवता येईल.